कज्ज्यांतून दिसणारे कुळ : जर्मन न्यायदप्तरे आणि वंशशोध

जर्मन प्रदेशांतील एखाद्या कुटुंबाचा मागोवा घेणारा अभ्यासक प्रथम चर्चच्या नोंदवह्यांकडे वळतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन प्रसंगांच्या नोंदी अनेक गावी सोळाव्या-सतराव्या शतकापासून ठेवल्या गेल्या, तर सरकारी नोंदणी फार उशिरा, म्हणजे ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलात १७९८ पासून, प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. या नोंदींवरून वंशवृक्ष उभा राहतो खरा, पण त्याला पाने फुटत नाहीत. बापाच्या पश्चात घर कोणाकडे गेले, विधवेच्या वाट्याला काय आले, परागंदा झालेल्या भावाचा हिस्सा कोणी राखून ठेवला, चर्चच्या वहीत बापाच्या नावाची जागा कोरी का राहिली, या प्रश्नांना पाद्र्याच्या वहीत उत्तर नसते. ते असलेच तर न्यायालयाच्या दप्तरात असते.

येथे ‘न्यायालय’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल करून घ्यावा लागतो. जुन्या जर्मन व्यवस्थेत न्यायालय भांडणे मिटवी आणि गुन्हेगारांना शिक्षा देई, पण त्याच्या कामाचा फार मोठा भाग बिनभांडणाचा होता. या भागाला जर्मन विधिभाषेत ‘फ्रायविलिगे गेरिश्ट्सबार्काइट’ म्हणतात. शब्दशः अर्थ स्वेच्छेचा न्यायाधिकार, म्हणजे दोन्ही पक्ष राजी असताना केवळ व्यवहार पक्का व्हावा म्हणून न्यायासनासमोर येणे. शेताचे खरेदीखत, गहाणखत, लग्नाचा करार, मृत्युपत्र, अज्ञान मुलांसाठी पालकाची नेमणूक, म्हाताऱ्या आईबापांना घरातील कोणती खोली आणि वर्षाला किती धान्य द्यायचे याचा लेख, हे सारे न्यायालयाच्या वहीत चढत असे. म्हणून पूर्वजांत चोर किंवा खुनी निघाला नाही म्हणजे न्यायदप्तरात त्यांचा मागमूस नसणार, ही समजूत खोटी आहे. ज्याच्या नावावर चार वाफे जमीन होती, त्याला आयुष्यात निदान दोन-तीनदा तरी न्यायासनासमोर उभे राहावे लागे.

मात्र हे दप्तर शोधायला निघालेला अभ्यासक बहुधा पहिल्याच पायरीवर अडखळतो, आणि त्याचे कारण त्याने विचारलेल्या प्रश्नात असते. ‘पूर्वज कोणत्या गावी राहत होता?’ हा प्रश्न चर्चच्या नोंदींना पुरतो. न्यायदप्तरांसाठी ‘त्या पूर्वजाचा न्याय करण्याचा अधिकार कोणाचा होता?’ असे विचारावे लागते. १८०६ साली पवित्र रोमन साम्राज्य संपुष्टात येईपर्यंत जर्मन भूमी शेकडो लहानमोठ्या सत्तांत वाटली गेली होती आणि त्या सत्तांच्या पोटातही न्यायाधिकाराचे तुकडे पडलेले होते. एकाच गावातील काही घरे मठाच्या अधिकाराखाली, काही एखाद्या सरदाराच्या आणि उरलेली थेट राजाच्या अधिकाराखाली असणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. जमिनीचे किरकोळ तंटे सरदारापुढे जात आणि देहदंडाचे गुन्हे मात्र वरच्या सत्तेकडे. सरदाराने आपल्या जहागिरीत चालवलेल्या न्यायाला ‘पाट्रिमोनियालगेरिश्ट’, म्हणजे वंशपरंपरागत मालकीचे न्यायालय म्हणत, आणि ते जहागिरीबरोबर विकतही घेता येई. प्रशियाने ही पद्धत १८४९ साली मोडली. अशा न्यायालयाची कागदपत्रे पुढे सरकारी अभिलेखागारात आली असतीलच असे नाही. होहेनलोहे घराण्याच्या जुन्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्याला आजही नॉयनश्टाइनच्या वाड्यातील अभिलेखागाराची पायरी चढावी लागते.

या गुंत्यातून उलट्या दिशेने चालत जाणे हा व्यवहार्य मार्ग आहे. १ ऑक्टोबर १८७९ रोजी साम्राज्याचे नवे न्यायविषयक कायदे अमलात आले आणि सर्वत्र एकसारखी उतरंड उभी राहिली : तळाशी तालुक्याच्या दर्जाचे आम्ट्सगेरिश्ट, त्यावर लांडगेरिश्ट, त्यावर ओबरलांडेसगेरिश्ट आणि शिखरावर लाइपझिगचे राइख्सगेरिश्ट. कुठले खेडे कुठल्या आम्ट्सगेरिश्टखाली होते हे ‘मायर्स ओर्ट्स उंट फेरकेर्सलेक्सिकोन’ या १९१२-१३ च्या स्थलकोशात गावाच्या नावापुढेच थोडक्या अक्षरांत दिलेले आहे. ते एकदा हाती आले की त्या न्यायालयाच्या आधी तेथे कोणाचे न्यायासन होते, त्याआधी कोणाचे, असे एकेक पाऊल मागे टाकत जाता येते, आणि प्रत्येक पावलाचे दप्तर आज कोठे आहे याचा शोध राज्यांच्या अभिलेखागारांच्या सूच्यांत घ्यावा लागतो. सायलेशिया, पोमेरेनिया किंवा पूर्व प्रशियाच्या बाबतीत हा शोध आता पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांपर्यंत जातो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे पश्चिमेकडे गेली आणि वाचलेल्या दप्तरांपैकी बरीचशी जागीच राहिली.

दप्तरांचे स्वरूप प्रांतागणिक पालटते. सॅक्सनीत गावचे पंच, ज्यांना ‘शोपे’ म्हणत, त्यांच्यासमोर झालेले व्यवहार ‘गेरिश्ट्सबूख’ नावाच्या वह्यांत लिहिले जात. अशा वीस हजारांहून अधिक वह्या सॅक्सनीच्या राज्य अभिलेखागाराने एकत्र आणल्या आहेत. वरवर पाहता त्यांत शेतांची खरेदीखतेच दिसतात, पण तेथील रीत अशी की बाप आपले शेत मुलाला ‘विके’, मुलगा किंमत दरवर्षीच्या हप्त्याने फेडी, आणि बाप वारल्यावर उरलेले हप्ते भावंडांना मिळत. प्रत्येक हप्ता कोणी घेतला याची नोंद होई. त्यामुळे एका खरेदीखताखाली वीस-तीस वर्षांच्या पावत्या साठत जातात, आणि त्यांत लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणी नवऱ्याच्या नावानिशी, मेलेल्या भावाची मुले पालकाच्या नावानिशी एकामागून एक हजर होतात. तीस वर्षांच्या युद्धात म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात जेथे चर्चच्या वह्या जळाल्या, तेथे असे एक पान अख्ख्या पिढीची भरपाई करते.

बव्हेरियात हेच काम ‘ब्रीफप्रोटोकोल’ करतात. ब्रीफ याचा आजचा अर्थ पत्र, पण येथे तो खत किंवा दस्तऐवज असा जुन्या अर्थाने घ्यायचा. दस्ताची मूळ प्रत पक्षकाराला देऊन न्यायालयाने स्वतःसाठी वहीत ठेवलेला गोषवारा तो प्रोटोकोल. १८६२ मध्ये तेथे नोटरीची व्यवस्था सुरू झाली आणि ही मालिका थांबली, म्हणून त्यानंतरच्या खतांसाठी नोटरींच्या दप्तराकडे जावे लागते. वेस्टफालियात आणखी वेगळीच अडचण असते. तेथे शेत हे कुळाहून थोर मानले जाई आणि शेताच्या वारस मुलीशी लग्न करून घरजावई झालेला पुरुष स्वतःचे आडनाव सोडून शेताचे नाव घेई. चर्चच्या नोंदींत म्हणून एक माणूस अचानक नाहीसा होतो आणि दुसराच कोणी प्रकटतो. लग्नाचा करार किंवा जमीनदाराला द्यावयाच्या प्रवेशशुल्काची नोंद सापडली की दोघे एकच होते हे उमगते.

पण या साऱ्यांत श्रीमंत दप्तर कुठले, असे विचारले तर व्युर्टेम्बेर्गच्या ‘इन्व्हेंटुरेन उंट टाइलुंगेन’, म्हणजे मालमत्तेच्या याद्या आणि वाटण्या, यांचेच नाव घ्यावे लागेल. १५५५ च्या तेथील विधिसंहितेपासून रूढ होत गेलेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललेल्या या प्रथेनुसार लग्न झाल्यावर नवरा-बायकोने काय काय आणले याची एक यादी होई आणि दोघांपैकी एक वारल्यावर दुसरी. शेत, घर, रोकड, पुस्तके, पुरुषाचे कपडे, बायकोचे कपडे, बिछाने, तागाचे कापड, तांब्या-कथलाची व लोखंडाची भांडी, लाकडी सामान, गुरे, पिंपांतली दारू, येणे आणि देणे, अशा ठरीव मथळ्यांखाली मोडक्या खुर्चीचीही किंमत लिहिली जाई. दक्षिण-पश्चिम जर्मनीत सगळ्या मुलांना, मुलींनाही, समान वाटा देण्याची रीत होती, त्यामुळे वाटणी पै-पैशाला भिडे आणि वारसांची यादी पूर्ण असे. लग्नाच्या यादीत एखाद्या विणकराची संपत्ती आणि चाळीस वर्षांनी त्याच्या मृत्यूनंतरची संपत्ती समोरासमोर ठेवून पाहता येणे ही सोय युरोपात फार थोड्या ठिकाणी आहे. हे कागद बहुतांशी राज्याच्या अभिलेखागारात नसून त्या त्या गावच्या नगरपालिकेत असतात.

पालकनियुक्तीच्या कागदांना वेगळे महत्त्व आहे. बाप वारला की मुले, आई हयात असली तरी, कायद्याच्या दृष्टीने पोरकी ठरत आणि न्यायालय त्यांना पालक नेमी. तो बहुधा बापाकडचा किंवा आईकडचा जवळचा नातलग असे. त्यामुळे पालकाचे नाव म्हणजे नात्याचा एक धागा हाती येणेच होय. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या पोटगीचा दावा हा असाच दुसरा धागा. परदेशी गेलेल्यांचा पत्ता तर अनेकदा वारसाच्या दाव्यातच लागतो : अमेरिकेला गेलेला भाऊ वर्षानुवर्षे लिहीत नाही, त्याचा हिस्सा न्यायालयात अडकलेला असतो, मग उरलेली भावंडे त्याला मृत ठरवण्याचा अर्ज करतात, न्यायालय वर्तमानपत्रांतून त्याला हजर होण्याची जाहीर नोटीस काढते, आणि त्याचे शेवटचे पत्र पुरावा म्हणून मिसलीला जोडले जाते. सामान्य जर्मन विधिपरंपरेत असा माणूस सत्तर वर्षांचा झाला असता तेव्हा तो मेला असे धरीत, आणि या सत्तरीचा आधार बायबलातील स्तोत्रात शोधला गेला होता.

एका बाबतीत तर न्यायालयच जन्म-मृत्यूची कचेरी होते. प्रशियाच्या १८४७ च्या कायद्यानुसार ज्यू रहिवाशांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी न्यायालयाकडे सोपवल्या गेल्या आणि १८७४ पर्यंत तेथेच राहिल्या. मान्यताप्राप्त पंथांतून बाहेर पडलेल्यांच्या नोंदींचीही त्याच वर्षी अशीच सोय झाली. प्रशियातील ज्यू कुटुंबांच्या शोधात चर्चची वही नाही म्हणून निराश होणाऱ्याने प्रथम येथे पाहावे.

वरच्या टोकाला साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय, राइख्सकामरगेरिश्ट, होते. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या काळात १४९५ मध्ये वोर्म्सच्या सभेत ते स्थापन झाले, १५२७ पासून श्पायर येथे चालले, १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केल्यावर वेट्झलारला हलले आणि साम्राज्याबरोबरच बंद पडले. तरुण गटे १७७२ मध्ये येथे उमेदवारी करायला आला होता, आणि कायद्यापेक्षा कादंबरीलाच त्याचा जास्त उपयोग झाला. या न्यायालयाच्या सत्तर हजारांहून अधिक मिसली एकोणिसाव्या शतकात मूळ प्रतिवादीच्या राहण्याच्या जागेनुसार निरनिराळ्या राज्यांना वाटून दिल्या गेल्या. वाटणीचा हा नियम न कळल्यास वादीच्या गावच्या अभिलेखागारात व्यर्थ शोध घेतला जातो. येथे फक्त राजेरजवाडे भांडत असतील असे वाटण्याचा संभव आहे; प्रत्यक्षात खेडीच्या खेडी आपल्या जमीनदारावर फिर्याद घेऊन येत आणि वकिलाला दिलेल्या मुखत्यारपत्रावर गावातील सर्व कुटुंबप्रमुखांची नावे येत. सॅक्सनी किंवा ब्रांडेनबुर्गसारख्या बड्या राज्यांनी मात्र आपल्या प्रजेला वर अपील करू न देण्याची सनद मिळवली होती, म्हणून तेथील सामान्य माणूस या मिसलींत क्वचितच भेटतो.

अशा मिसलीत निकालापेक्षा साक्षीदारांच्या जबान्या अधिक मोलाच्या असतात. साक्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला नाव, वय, जन्मस्थान, धंदा, किती वर्षे या गावी राहतो आणि पक्षकारांशी नाते काय, असे ठरीव प्रश्न विचारले जात. १५६० मध्ये ‘सुमारे सत्तर’ वर्षांचा म्हणून नोंदला गेलेला म्हातारा बापाच्या तोंडून ऐकलेली कुरणाची हद्द सांगतो, तेव्हा कोणत्याही चर्चवहीच्या आधीच्या दोन पिढ्या कागदावर उतरतात. मराठी कुलवृत्तान्तांच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. वतनाच्या तंट्यांतले महजर आणि करीने नसते तर पाटील-कुलकर्ण्यांच्या कित्येक घराण्यांचा सतराव्या शतकापलीकडचा वंश सांगता आला नसता, आणि वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथाची उभारणी अशाच निवाड्यांवर केली आहे. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना जर्मन ‘कुरेंट’ लिपीची अडचणही सांगावी लागत नाही : दोन्ही लेखणी न उचलता धावणाऱ्या लिप्या, दोन्ही शाळेतून हद्दपार झाल्यावर नातवाला आजोबाचे पत्र वाचता येईनासे झाले. जर्मनीत हे १९४१ मध्ये घडले.

लिपी साधली तरी चकवे राहतात. ‘7ब्रिस’ असे लिहिलेला महिना जुलै नसून सप्टेंबर असतो, कारण तेथे लॅटिन सात या अंकाचा उच्चार अभिप्रेत आहे. कॅथलिक राज्यांनी नवी दिनदर्शिका सोळाव्या शतकाच्या अखेरीस घेतली आणि प्रोटेस्टंटांनी १७०० मध्ये, त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. नावापुढचा ‘झेल.’ हा संक्षेप तो माणूस वारला आहे एवढे सांगतो, आणि या तीन अक्षरांवर कित्येक मृत्यूंची कालमर्यादा ठरते. ‘फेट्टर’ म्हणजे चुलतभाऊ असे शब्दकोश म्हणतो, पण जुन्या कागदांत त्याचा पैस मराठीतल्या ‘भाऊबंदा’इतका मोठा आहे. ‘थोरला हान्स’ आणि ‘धाकटा हान्स’ हे बापलेकच असतील असेही नाही. एका गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो थोरला.

हे दप्तर काय देऊ शकते आणि ते किती वाकडे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याच्या आईचे आहे. काटारीना ही लेओनबेर्गजवळच्या एल्टिंगेनची, मेल्खिओर गुल्डेनमान या खानावळवाल्या गावप्रमुखाची मुलगी. १५७१ मध्ये तिचे लग्न हाइनरिश केप्लरशी झाले, त्याच वर्षी योहानेस जन्मला, आणि भाडोत्री शिपाईगिरी करणारा नवरा पुढे घर सोडून गेला तो परतलाच नाही. १६१५ मध्ये उर्झुला राइनबोल्ड या काचकाम करणाऱ्याच्या बायकोने काटारीनाने पाजलेल्या पेयामुळे आपल्याला दुखणे जडल्याचा आरोप केला. केप्लर कुटुंबाने तिच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. वर्षे गेली, फिर्याद उलटली, आणि ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काटारीनालाच चेटकीण म्हणून पकडले गेले. योहानेस लिंझहून येऊन बचावाला उभा राहिला. १५३२ च्या सम्राट पाचव्या कार्लच्या फौजदारी संहितेने न्यायाधीशाला शंका असल्यास विद्यापीठाच्या विधिशाखेचा सल्ला घ्यायला सांगितले होते, त्यानुसार मिसल ट्युबिंगेनला गेली. तेथून आलेल्या निर्णयाप्रमाणे तिला यातनेची हत्यारे दाखवण्यात आली. तिने काही कबूल केले नाही, ती ऑक्टोबर १६२१ मध्ये सुटली आणि सहा महिन्यांनी वारली.

वंशशोधाच्या दृष्टीने पाहिल्यास या मिसलीत एक कुटुंब उघडे पडते. धाकटा मुलगा क्रिस्टोफ हा कथलाची भांडी करणारा कारागीर. आपल्याच गावात आईचा खटला चालण्याची नामुष्की नको म्हणून तो दुसऱ्या ठिकाणी चालवावा अशी त्याची खटपट होती आणि खटला ग्युग्लिंगेनला नेला गेला. मुलगी मार्गारेटा पाद्र्याला दिलेली, आईला अटक झाली ती तिच्याच घरी. मिसलींत आई ‘केप्लरिन’ म्हणून येते, आडनावाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावण्याच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे. सूचीत ‘केप्लर’ एवढेच शोधणाऱ्याची अशी अनेक नावे सुटतात. पण याच कागदांतील शेजाऱ्यांच्या जबान्या भीतीने, वैराने आणि न्यायाधिकाऱ्याच्या सूचक प्रश्नांनी घडलेल्या आहेत. काटारीनाच्या हातून कोणाचे वासरू मेले हे त्यांवरून कळत नाही. कोणाच्या मनात तिच्याविषयी काय होते, ती कोणाच्या घरी जात असे, कोणाचा कोणाशी जुना तंटा होता, हे मात्र कळते. साक्षीतील आरोपाचा भाग बाजूला ठेवून आनुषंगिक भागावर विश्वास टाकणे हा येथे चांगला नियम ठरतो, कारण साक्षीदार खोटे बोलतो ते मुद्द्यावर, आपल्या जावयाच्या नावावर नव्हे.

विसाव्या शतकातील काही न्यायदप्तरे मात्र अभ्यासकाने हात धुऊन उघडावीत अशी आहेत. सप्टेंबर १९३३ च्या वारसाशेत कायद्याने ‘एर्बहोफ’चा मालक होऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला १ जानेवारी १८०० पर्यंतचा वंश ज्यू रक्तापासून ‘शुद्ध’ असल्याचे सिद्ध करावे लागे आणि त्यासाठी खास न्यायालये होती. वंशावळ तयार मिळते म्हणून अशा कागदांचे स्वागत करणे आणि ती कशासाठी तयार झाली हे विसरणे, या दोन गोष्टी एकत्र जाऊ नयेत.

मिसलीत काय नसते, हे ओळखणेही शिकावे लागते. योहान झेबास्टियन बाख २८ जुलै १७५० रोजी लाइपझिग येथे मृत्युपत्र न करता वारला आणि त्याच्या मालमत्तेची यादी झाली : हार्प्सिकॉर्डे, व्हायोलिने, ऐंशीच्या आसपास धर्मग्रंथांचे खंड, एका खाणीचा हिस्सा, भांडीकुंडी, कपडे, एकूण किंमत अकराशे टालरांच्या थोडी वर. तिसरा हिस्सा विधवा आना माग्डालेना हिला, उरलेले दोन हिस्से नऊ हयात अपत्यांना. अज्ञान मुलांची पालक होण्यासाठी तिने आपण पुन्हा लग्न करणार नाही असे लिहून दिले. सर्वांत धाकट्या मुलाने, म्हणजे पुढे लंडनमध्ये नावारूपास आलेल्या योहान क्रिस्टियानने, तीन वाद्ये बापाने हयातीतच आपल्याला दिल्याचे सांगितले, त्यावर पहिल्या बायकोच्या मुलांनी शंका घेतली. सावत्र भावंडांतील हा ताण कोणत्याही बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडला नसता. यादीत खाटा मोजलेल्या आहेत, खुर्च्या मोजलेल्या आहेत. संगीताच्या हस्तलिखितांची एकही ओळ तीत नाही. ती कुटुंबात आधीच वाटली गेली असावीत.